शेडबाळ, कुडची आणि नियम क्रमांक नऊ

“शेडबाळ म्हणजे काय?” तपासनीसांनी विचारलं.

खोलीत आम्ही पाच जण होतो. पडद्यावर आमच्या सर्व्हरवरच्या सात फायलींची नावं एकाखाली एक उभी होती. विजयनगर, शेडबाळ, उगार, कुडची, चिंचली, रायबाग, घटप्रभा.

“स्टेशन आहे,” हुन्नरगीकर सर म्हणाले. “मिरजेहून बेळगावकडं निघालात की दुसरं.”

“असेल. पण ते तुमच्या सर्व्हरमध्ये काय करतंय?”

“पेशंट आला की त्याची नोंद घेतंय.”

“आणि कुडची?”

“शेवटचं दिलेलं टोकन कुडचीला उभं असतं. पुढचं आलं की मगच ते हलतं.”

तपासनीस पुण्याहून आले होते. आमच्या कंपनीला गुणवत्तेचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागदावर एकच ओळ लिहिली. ‘सामायिक मेमरीतल्या फायलींना नावं देण्याची पद्धत: आढळली नाही.’ मग “चहा झकास होता हां” म्हणाले आणि पुढच्या भेटीची तारीख देऊन गेले. मंगळवार, ३० मार्च.

आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. सर्व्हरवर एका वेळी बरेच प्रोग्राम चालू असतात. एकाला जे कळलंय ते दुसऱ्याला कळावं म्हणून मेमरीत एक फाईल ठेवतात, सगळ्यांची मिळून. दूध डेअरीच्या दारात फळा असतो ना, तशी. एक जण येऊन लिहितो, बाकीचे येऊन वाचतात. कुठला फळा, ते नावावरून शोधायचं. एवढंच.

आमची कंपनी कुपवाडच्या एमआयडीसीत. खाली वॉल्व्हचा कारखाना, वर आम्ही एकोणीस जण. आमचा सर्व्हर डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयात टोकन वाटायचा. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. खिडकीवर टोकन मिळायचं, आत डॉक्टरांच्या खोल्यांबाहेर लाल आकड्यांचे बोर्ड होते, आणि दोघांच्या मध्ये कुडची.

मी शुभांगी ऐनापुरे. तेव्हा चोवीस वर्षांची आणि ३१ मार्चपर्यंत ‘परिवीक्षाधीन’, म्हणजे अजून कायम न झालेली. इचलकरंजीचं एक स्थळ आलं होतं, मुलाचे यंत्रमाग होते. मुलात वाईट काही नव्हतं, फक्त मला तो नको होता. मामांनी तोडगा काढला होता, “कायम झालीस तर तू म्हणशील तसं. नाही झालीस तर एप्रिलात सुपारी फोडायची.” तेव्हा माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली आमच्या मालकांच्या, आवटी साहेबांच्या, टेबलाच्या वरच्या खणात होती आणि आवटी साहेब म्हणाले,

“ऐनापुरे, नामकरण समिती नेमतोय. तुम्ही सचिव. नियमावली वेळेत झाली, प्रमाणपत्र आलं, की तुमचं पत्र लगेच.”

माझ्याकडं त्या समितीच्या बाराही बैठकांची इतिवृत्तं आहेत. त्यांतला मजकूर मीच टाईप केलेला. जे टाईप केलं नाही, ते खाली लिहीत जाते.

बैठक पहिली. *सर्वानुमते ठरले की, फायलींची नावे अर्थपूर्ण असावीत.*

टाईप न केलेलं:

“म्हणजे आत्तापर्यंतची बिनअर्थाची होती?” हुन्नरगीकर सरांनी विचारलं. ते कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनचे. वय एकोणसाठ. दर एप्रिलला नोकरीचं एक वर्ष वाढवून मिळायचं. बैठकीला येताना भडंगाचा डबा घेऊन येत आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवत.

“सर, शेडबाळला काय अर्थ आहे, सांगा ना,” नकाते मॅडम म्हणाल्या. गुणवत्ता त्यांच्याकडं होती. म्हणजे गुणवत्तेची जाड फाईल त्यांच्याकडं होती.

“तिथं उतरणाऱ्याला आहे.”

जमादार फिस्सकन हसला. इरफान जमादार दुसऱ्या टीमचा प्रमुख होता. रिपोर्ट आणि एसएमएसचे प्रोग्राम त्याचे, टोकनचे प्रोग्राम सरांचे.

“थट्टा नाही करत,” सर म्हणाले. “माझे वडील ह्या लाईनीवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. विजयनगर सोडून शेडबाळ येत नाही, शेडबाळ सोडून कुडची येत नाही. आपले प्रोग्राम पण त्याच क्रमानं चालू व्हायला लागतात. नवीन पोरगा आला की त्याला एवढंच सांगतो, गाडी कुठली स्टेशनं घेते. अकरा वर्षांत एकजण चुकलेला नाही.”

“हुन्नरगीकर,” आवटी साहेब म्हणाले, “उद्या मी जर्मनीचं काम घेतलं तर त्यांना काय रायबाग सांगू?”

जर्मनीचं काम तेव्हाही नव्हतं, नंतरही आलं नाही. पण त्या खोलीत त्या दिवसापासून जर्मनीसाठी एक खुर्ची मोकळी ठेवल्यासारखं सगळे बोलायला लागले.

बैठक तिसरी. *सर्वानुमते ठरले की, नावात प्रथम कंपनी, मग प्रथम ग्राहक, मग प्रथम दिनांक असावा.*

हे मी शुद्धीत असताना टाईप केलंय.

बैठक चौथी व पाचवी. *शब्दांमधील रेघ खाली असावी की मध्ये, यावर चर्चा. पुढील बैठकीत चर्चा पुढे चालू.*

बैठक सहावी. *सर्वानुमते ठरले की, नाव कोणालाही पाहताक्षणी कळावे. सर्वानुमते ठरले की, नाव प्रतिस्पर्ध्यांना कळू नये.*

सातव्या बैठकीपर्यंत कुडचीचं नाव एकसष्ट अक्षरांचं झालं. जमादारनं उभं राहून ते एका दमात वाचून दाखवलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

“साहेब, एवढी हाक मारेपर्यंत पेशंटला दिसायला लागेल.”

“जमादार, सिरियसली घ्या.”

“सिरियसलीच घेतोय की. माझ्या पोरीचं बारसं एका दुपारी झालं, पन्नास माणसं घुगऱ्या खाऊन गेली. ह्या फायलीच्या पाळण्याला आम्ही दीड महिना झोके देतोय, अजून कानात नाव सांगितलेलं नाही.”

नकाते मॅडम मला म्हणाल्या, “हे लिहू नका.” मी लिहिलं नव्हतंच.

बैठक आठवी. *नियम क्रमांक ९ सर्वानुमते मंजूर. रोज सकाळी साडेदहा वाजता एक प्रोग्राम मेमरीतील सर्व फायली तपासेल व नियमात न बसणाऱ्या नावाची फाईल काढून टाकेल.*

हा नियम माझा.

मला कुणी विचारलं नव्हतं. सचिवानं बोलायचं नसतं. पण मार्च उजाडला होता, घरी मामांचे फोन वाढले होते आणि आठ बैठकांत मी कोपऱ्यातल्या पंख्याइतकीच नजरेत होते. म्हणून मी हात वर केला.

“नियम केले, पण कुणी पाळलेच नाहीत तर? मी एक छोटा प्रोग्राम लिहिते. नियमात न बसणारं जे असेल ते तो काढून टाकेल. आपोआप.”

नकाते मॅडमनी माझा हात धरला. “हेच. हेच मला दोन महिने सांगायचं होतं.”

आवटी साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. पगारपत्रकाकडं पाहतात तसं नव्हे, माणसाकडं पाहतात तसं.

“बाळ,” हुन्नरगीकर सर म्हणाले. मोठ्यानं नाही. “नाव काढलंस म्हणून फळा जात नाही.”

“म्हणजे?”

“समज, डेअरीच्या दारातला फळा आहे. तू रस्त्यावरची पाटी काढलीस, ‘डेअरी इकडे’ म्हणून. जे आधीच आत येऊन फळ्यासमोर उभे आहेत, त्यांना काय फरक पडला? ते तिथंच लिहितात, तिथंच वाचतात. नवीन येणाऱ्याला मात्र पाटी सापडत नाही. मग तो काय करतो? आपला कोरा फळा लावतो आणि त्याला तेच नाव देतो. दोन कुडच्या होतात. आणि दोघींनाही वाटतं, मीच खरी.”

भडंगाकडं गेलेला जमादारचा हात मधेच थांबला. त्याला कळलं होतं.

“मग काय करायचं, सर?” मी विचारलं.

“आधी सगळे प्रोग्राम थांबवायचे. मग पुसायचं. मग क्रमानं चालू करायचे. चालू दवाखान्यात पुसायचं नाही.”

मी माझ्या वहीत पेन्सिलनं लिहून घेतलं. ‘चालू असताना पुसू नये. दोन कुडच्या.’ संध्याकाळी इतिवृत्तातही घातलं. नकाते मॅडमनी लाल पेननं त्यावर आडवी रेघ मारली.

“इतिवृत्तात ठराव लिहायचे, शुभांगी. बोलणं नाही लिहायचं. माणसं काय काय बोलतात, ते लिहायला लागलो तर झाडं उरतील का?”

दुसऱ्या दिवशी सह्या घ्यायला गेले तेव्हा मी सरांना म्हणाले, “सर, तुमचं कालचं म्हणणं ह्यात राहिलं नाही.”

“तुझ्या वहीत आहे ना?”

“आहे.”

“मग झालं की,” म्हणून त्यांनी सही केली.

बैठक अकरावी. *सर्व टीम्सनी जुनी नावे तात्काळ बदलावीत असे ठरले.*

“मला दोन आठवडे लागतील,” सर म्हणाले.

“एक नाव बदलायला दोन आठवडे?” आवटी साहेबांनी दोन बोटं वर केली आणि ती सगळ्यांना दाखवली.

“नाव बदलायला दोन मिनिटं. ते नाव कोणकोण घेतं, ते शोधायला दोन आठवडे. जुनं घर आहे, साहेब. कुठल्या खोलीतनं कोण हाक मारत असेल, सांगता येत नाही.”

“मंगळवारी तपासनीस येतायत.”

“येऊ देत. मी त्यांना समजावून सांगतो.”

“नको,” आवटी साहेब फार घाईनं म्हणाले. “तुम्ही समजावू नका.”

शेवटी शनिवारी, जिन्यात, सर मला म्हणाले, “सोमवारी संध्याकाळी ओपीडी संपली की आपण दोघं बसू. सगळं थांबवू, पुसू, नवी नावं घालू, क्रमानं उठवू. मंगळवारी तपासनीसाला यादी स्वच्छ दिसेल, मग बाकीचं मी सावकाश बदलतो. सकाळी माझे पाहुणे निघायचेत, मी दुपारी येईन. तोवर हात लावू नको.”

“नाही लावत, सर.”

सोमवारी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी आवटी साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“चला, दाखवा तुमचा प्रोग्राम.”

“साहेब, संध्याकाळी चालवायचा ठरलाय. हुन्नरगीकर सर म्हणाले...”

“नियमात किती वाजता लिहिलंय?”

“साडेदहा.”

“कुणी लिहिलंय?”

“मी.”

“मग?”

बॉक्स उघडला होता. नकाते मॅडम आल्या, जमादार आला. जमादारनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग पेढ्यांकडं पाहिलं.

मी बटण दाबलं.

बाकी चारांची नावं बदलून झाली होती, पडद्यावर अजून तीन स्टेशनं शिल्लक होती. शेडबाळ गेलं, उगार गेलं, कुडची गेली. उरली ती नुसती एकसष्ट-एकसष्ट अक्षरांची नावं, कवायतीला उभी राहिल्यासारखी.

“याला म्हणतात शिस्त!” आवटी साहेब म्हणाले आणि पहिला पेढा मला दिला.

तिकडं रुग्णालयात अकरा वाजेपर्यंत एकशे एकतीस टोकनं दिली गेली. डॉक्टरांच्या खोल्यांबाहेरचे बोर्ड पाटी पाहायला बाहेर येत नाहीत, ते आधीच आत उभे होते, जुन्या फळ्यासमोर. ते शांतपणे ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी असं बोलावत राहिले. अकरा वाजता खिडकीवरची माणसं बदलली. नव्यांनी आपापले प्रोग्राम नव्यानं सुरू केले. प्रोग्रामनी कुडची शोधली. सापडली नाही. त्यांनी नवी कोरी कुडची तयार केली आणि पुढच्या माणसाला टोकन दिलं, नंबर एक.

नंतर दोन, नंतर तीन, असं चौऱ्याण्णवपर्यंत.

आत बोर्डांनी एकशे एकतीसला बोलावलं, तो आला, तपासून गेला. पुढं जुन्या फळ्यावर काहीच नव्हतं. म्हणून पाऊण वाजता सगळ्या बोर्डांवर एकदम लाल अक्षरं आली, ‘रांग संपली’. डॉक्टरांना त्या दिवशी दुपारी एका गावात शिबिर होतं. आज लवकर आटपलं, असं एकमेकांना म्हणत ते गाडीत बसून गेले.

दोन वाजता आमच्या ऑफिसात फोन आला. रुग्णालयाच्या स्वागतकक्षातली मुलगी होती.

“तुमचा बोर्ड म्हणतोय रांग संपली आणि माझा हॉल भरलाय. कुणाचं खरं धरू?”

सर नुकतेच आले होते, अजून खांद्याची पिशवी उतरवली नव्हती. त्यांनी माझ्या पडद्यावरची ती सुंदर यादी पाहिली. मला काहीच विचारलं नाही. म्हणाले, “चल.”

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी गेले. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, “आज गर्मी फार आहे.”

हॉलमध्ये चौऱ्याण्णव माणसं होती. तपासणीआधी डोळ्यांत औषध घालतात, त्यानं बाहुली मोठी होते आणि काही तास धड दिसत नाही. ते औषध सगळ्यांना घालून झालं होतं. त्यामुळं बोर्ड काय म्हणतो, ते कुणालाच वाचता येत नव्हतं. सगळे एकमेकांना विचारत होते.

“ओ ताई,” एका म्हातारीनं माझी ओढणी धरली. “तेवढं बोर्डावर काय आलंय बघा की. मला सगळं दुधासारखं दिसाय लागलंय.”

“रांग संपली, असं आलंय.”

“कुणाची?”

तिनं मुठीतलं टोकन माझ्यापुढं धरलं. उलटं धरलं होतं. “माझा अडतीस हाय. जतकडनं सव्वासहाच्या गाडीनं आलोया आम्ही.”

“आजी, किती वेळा सांगू?” पहारेकरी म्हणाला. तो बिचारा सकाळपासून उभा होता. “बोर्डावर रांग संपली म्हंजे संपली. आता हितं कोण बसलेलं नाही.”

“मग मी कोण हाय?” म्हातारीनं विचारलं.

सर्व्हर दुरुस्त करायला सरांना सात मिनिटं लागली. थांबवलं, पुसलं, विजयनगरपासून एकेक उठवलं. पण डॉक्टर नसताना दुरुस्त बोर्ड काय करणार? मग त्यांनी स्वागतकक्षातून कोरे कागद मागून घेतले, हॉलमध्ये पहिल्या बाकापाशी खुर्ची ओढली आणि एकेकाला विचारायला लागले.

“नाव सांगा.”

“नंबर अडतीस.”

“नंबर राहू द्या. नाव सांगा.”

“सत्यव्वा बिराजदार.”

“गाव? फोन आहे?”

“फोन न्हाई. किराणा दुकानात हाय, तिथं निरोप ठेवत्यात.”

“तो द्या.”

अशी चौऱ्याण्णव नावं. वसतिगृहातनं एका शिकाऊ डॉक्टरला त्यांनी जवळजवळ हाताला धरून आणलं. त्या पोरानं सहा वाजेपर्यंत बावीस जणांना तपासलं. सरांनी ती बावीस नावं खोडली. सत्यव्वाची जतची शेवटची गाडी साडेचारला होती. ती न तपासताच निघाली. जाताना सरांना म्हणाली, “नाव लिवलंय न्हवं?”

“लिहिलंय. हॉस्पिटल बोलवंल तुम्हाला. तुमच्या दुकानात निरोप येईल.”

बहात्तर नावं उरली. सर ती घेऊन रुग्णालयाच्या व्यवस्थापकांकडं गेले. व्यवस्थापकांनी कागद हातातही घेतला नाही.

“सुटा कागद मी आवकला कसा घेऊ? कंपनीचं पत्र येऊ द्या, जावक क्रमांकासकट. त्याला जोडून द्या. मग बोलावतो सगळ्यांना, रविवारी वेगळी ओपीडी लावतो.”

सरांनी कागदांची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशावर हात ठेवूनच ते स्कूटरपर्यंत चालत आले.

मंगळवारी तपासनीस आले. यादी पाहिली. सोमवारी रात्री सरांनी एकट्यानं बसून त्या तीन स्टेशनांची नावं बदलली होती, कुठून कोण हाक मारतं ते सगळं एका रात्रीत धुंडाळून. तपासनीस म्हणाले, “दोन महिन्यांत एवढा बदल मी पाहिला नाही.” प्रमाणपत्र मिळालं. शेऱ्यात नियम क्रमांक नऊचा खास उल्लेख होता.

बुधवारी रुग्णालयाचं पत्र आलं. ‘काही रुग्णांची गैरसोय झाली. कारण व जबाबदार व्यक्तीचे नाव आज सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे.’

बैठक बारावी. सुरुवात तीन वाजून दहा मिनिटं.

“नियम समितीचा आहे,” नकाते मॅडम म्हणाल्या. “समिती म्हणजे काही व्यक्ती नाही.”

“माझे प्रोग्राम सगळे नियमातले होते,” जमादार टेबलाकडं बघत म्हणाला.

“ऐनापुरेंचा प्रोग्राम साडेदहाला चालला. नियमाप्रमाणं,” आवटी साहेब म्हणाले. “त्यानं नियमाबाहेरची फाईल काढली. नियमाप्रमाणं. मग ती नियमाबाहेरची फाईल कुणाची होती?”

“माझी,” हुन्नरगीकर सर म्हणाले.

“तुम्ही काही आक्षेप घेतला होतात?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आवटी साहेबांनी पाहिलं.

“ऐनापुरे, इतिवृत्तात यांचा काही आक्षेप नोंदवलेला आहे का?”

माझी वही माझ्या मांडीवर होती. पेन्सिलीचं पान कुठलं, ते मला न बघता माहीत होतं. मी टेबलावरचं इतिवृत्त उघडलं आणि एकेक पान उलटलं. सावकाश. आठवी बैठक आली, गेली.

“नाही, साहेब. नोंद नाही.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “नोंद नाही.”

तीन वाजून चौदा मिनिटं.

बाकीचे उठायला लागले तेव्हा सरांनी खिशातून ती घडी काढली आणि टेबलाच्या मध्यावर ठेवली.

“साहेब, यंदाची मुदतवाढ नका देऊ. माझं नाव घाला, माझी तक्रार नाही. फक्त नाव मागितलंय ना त्यांनी, तर ही पण सोबत जोडा. बहात्तर आहेत. पत्राला जोडून गेली तरच ते घेणार आहेत.”

“बहात्तर?” नकाते मॅडम म्हणाल्या. “त्यांच्या पत्रात तर ‘काही’ आहे.”

“ते ‘काही’ म्हणतायत, आणि आपण बहात्तर म्हणायचं?” आवटी साहेब हसले. मग घड्याळ बघत म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे. ऐनापुरे बघतील. ऐनापुरे, कुरियरची पावती माझ्या टेबलावर आणून द्या. तुमचं पत्र तयारच आहे, सहीच तेवढी राहिलीय.”

यादी जोडू नका, असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही.

सरांनी आपल्या टेबलावरचा भडंगाचा डबा पिशवीत घातला. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मला म्हणाले, “अडतीस नंबरच्या बाईच्या दुकानाचा फोन नंबर नीट वाचता येत नाहीये, शेवटचा आकडा सात आहे. त्यांना सांग.”

“सांगते, सर.”

पत्र मी टाईप केलं. एक पान. कारण, जबाबदार व्यक्ती, म. वि. हुन्नरगीकर, पुन्हा असे होणार नाही याची ग्वाही. लिफाफ्यात घातलं. यादी हातात घेतली. बहात्तर नावं म्हणजे बहात्तर नावांचा प्रश्न येणार, प्रश्न आला की साहेब मला आत बोलावणार, आणि वरच्या खणातलं पत्र वरच्या खणातच राहणार. हे सगळं मी मोजलं का? मोजलं. चार वाजून वीस मिनिटांनी कुरियरवाला आला तेव्हा लिफाफा चिकटवलेला होता आणि यादी माझ्या खणात होती.

पावणेपाचला आवटी साहेबांनी सही केली. मामांनी इचलकरंजीला नकार कळवला. मी त्या कंपनीत पुढं नऊ वर्षं होते.

पुढच्या आठवड्यात, सोमवारी, ऑफिसच्या फोनवर सर होते.

“कामात नाहीस ना गं? एकच विचारायचं होतं. यादी पोचली का?”

“पोचली, सर.”

“बोलावलं त्यांना? काल रविवार झाला.”

“बोलावलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“जतची ती आजी?”

“ती पण आली होती, सर.”

पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मग काही हरकत नाही.”